खोका जाड आहे, तरी माल का फुटतो?

उन्हाळा तापला की खानदेशात गच्चीगच्चीवर बिबडे (ज्वारीचे पातळ पापड), कळण्याचे पापड, कुरडया वाळत पडतात. पूर्वी हा माल घरात आणि पाहुण्यारावळ्यांत संपायचा. आता बचत गटांच्या बायका फोनवर ऑर्डर घेऊन तो पुण्या-मुंबईला, पार बंगळुरूपर्यंत पाठवतात. तक्रार मात्र जिथे जावं तिथे एकच ऐकू येते: इथून अख्खे निघाले, तिथे चुरा पोचला.

त्याच खानदेशातली, रावेर-यावल-सावदा पट्ट्यातली केळी पुठ्ठ्याच्या पेटीत बसून ट्रकने न्हावाशेवा बंदरावर जातात आणि तिथून जहाजाने आखाती देशांत. केळं काही टणक फळ नाही. अंगठ्याने जरा जोरात दाबलं तरी तिथे पुढे काळा डाग उठतो. तरी ते हिरवं जातं, तिकडे पिकवलं जातं आणि बिनडागाचं विकलं जातं. मग दोन दिवसांच्या वाटेत बिबड्याचा चुरा का व्हावा?

माल फुटला की पुढच्या वेळी आपण जाड खोका घेतो, टेपचे चार वेढे जास्त मारतो. माझं ठाम मत आहे की बारदानावरचा बराचसा पैसा इथेच वाया जातो. मालाला वाटेत नेमका कोणता मार बसला हे शोधल्याशिवाय घेतलेला खोका म्हणजे आजार न तपासता घेतलेलं औषध. हे शोधून काढण्याचं एक रीतसर शास्त्र आहे. ते शिकवणारी आणि मालाच्या बांधणीची तपासणी करणारी भारतीय पॅकेजिंग संस्था १९६६ पासून मुंबईत आहे. त्या शास्त्राचा गाभा मात्र कोणालाही समजेल असा आहे.

वाटेत बसणारे चार मार

समजा, चोपड्याहून एक पार्सल पुण्याला निघालं. आधी ते गावातल्या कुरियरवाल्याकडे, मग जळगावच्या शाखेत, मग एखाद्या मोठ्या केंद्रात, पुढे पुण्याच्या गोदामात आणि शेवटी घरपोच देणाऱ्या मुलाच्या पिशवीत जातं. प्रत्येक ठिकाणी ते उचललं जातं, टाकलं जातं, रचलं जातं. या सगळ्यात मालाला चार प्रकारे इजा होते: आदळून, दबून, थरथरून आणि हवेने, म्हणजे ओलीने किंवा उन्हाने.

अडचण अशी की एका मारावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. कधी तर उलटा पडतो. आदळण्यापासून वाचवायला मऊ थर लागतो, पण वरून ओझं आलं की मऊ थर काही कामाचा नाही. आत हवा खेळावी म्हणून भोकं पाडली तर भिंत कमजोर होते. म्हणून ‘सगळ्यात चांगला खोका कोणता?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ‘या मालाला, या वाटेवर, या महिन्यात कोणता खोका?’ याला असतं.

आदळणं: थांबायला जागा किती?

कापूस वेचून घरात ढीग लागला की पोरं माळ्यावरून त्यात उड्या मारतात. तीच उडी फरशीवर मारली तर गुडघे फुटतील. उंची तीच, अंगही तेच. ढिगात अंग हात-दीड हात खाली जात जात थांबतं, फरशीवर ते जागच्या जागी थांबतं. ढीग उथळ असला तर कापूस दबून पाय फरशीला लागतात आणि मार बसतोच. आणि तोच कापूस जिनिंगमध्ये दाबून त्याची गाठ बांधली, तर तिच्यावर उडी मारणं फरशीवर मारण्याइतकंच महागात पडतं.

खोक्यातल्या मऊ थराचं काम एवढंच: मालाला थांबायला अंतर देणं. हिशोबही सोपा आहे. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. लोणच्याची एक किलोची बरणी ७६ सेंटिमीटरवरून पडली आणि एका सेंटिमीटरमध्ये थांबली, तर त्या क्षणी तिच्यावर तिच्या वजनाच्या सरासरी ७६ पट जोर येतो. चार सेंटिमीटरमध्ये थांबली तर तोच जोर १९ पटींवर येतो.

आता बरणीला बबल रॅपचा एक वेढा गुंडाळला तर काय होतं ते बघा. त्याची जाडी काही मिलिमीटर. जड बरणी तो दाबून टाकते, बुडबुडे फुटतात आणि काच पुठ्ठ्यावर, म्हणजे जवळजवळ जमिनीवरच, आदळते. हा झाला उथळ ढीग. उलट हलक्या वस्तूखाली फार कडक फोम ठेवला तर ती त्यात रुततच नाही. ती झाली गाठ. थर वस्तूच्या वजनाच्या मानाने निवडायचा असतो, आणि पूर्ण जाडीभर कोणताच थर दबत नसल्यामुळे हिशोबात निघालेल्या अंतरापेक्षा तो जाड ठेवावा लागतो. काचेच्या मालाला चारी बाजूंनी, खाली आणि वर साधारण पाच सेंटिमीटर जागा ठेवावी. खाली आणि वर, हे शब्द मुद्दाम लिहितो आहे. बाजूंना भरपूर कागद आणि तळाला काहीच नाही, असं पॅकिंग सर्रास दिसतं.

दोन बरण्या एका खोक्यात असतील तर जमिनीपेक्षा त्यांना एकमेकींचीच भीती जास्त. काचेवर काच आपटली की थांबायला अंतर जवळपास शून्य. मध्ये पुठ्ठ्याचा उभा पडदा हवाच.

बिबड्याचं दुखणं वेगळं आहे. तो इतका हलका की नुसत्या पडण्याने त्याच्यावर फार जोर येत नाही. तो तुटतो वाकल्यामुळे. वाळताना त्याला बाक येतो, त्यामुळे एकावर एक ठेवलेले बिबडे एकमेकांना दोन-तीन ठिकाणीच टेकतात. वरून दाब आला की मधला अधांतरी भाग मोडतो. त्याला पाच सेंटिमीटर फोम नको. एका मापाचे, एका बाकाचे बिबडे एकत्र लावा, वर-खाली ताठ पुठ्ठ्याची चकती ठेवा, पिशवी हलणार नाही अशी घट्ट बसवा आणि वरचा दाब खोक्याच्या भिंतींवर जाईल असं बघा. भिंतींची ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

दबणं: थप्पीतला सगळ्यात खालचा खोका

ज्याला आपण पुठ्ठा म्हणतो तो दोन सपाट कागदांमध्ये चिकटवलेला लाटांचा कागद असतो. असा तीन कागदांचा पुठ्ठा म्हणजे थ्री प्लाय. त्यावर आणखी एक लाट आणि एक सपाट कागद चढला की फाइव्ह प्लाय. १८५६ साली इंग्लंडमध्ये लाटांच्या कागदाचं पहिलं पेटंट घेतलं गेलं ते टोप्यांच्या आत अस्तर म्हणून. बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला तो वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १८७१ साली निघालं. खोका त्यानंतरचा.

पुठ्ठ्यातल्या लाटा उभ्या असल्या तरच भिंत ओझं पेलते. त्या आडव्या असतील तर तोच कागद, तेवढाच जाड, पण थप्पीत लगेच बसतो. खोक्याच्या कापलेल्या कडेत डोकावलं की लाटांची नळकांडी दिसतात. खोका नेहमीसारखा ठेवल्यावर ती जमिनीकडून आभाळाकडे जायला हवीत. खोके घेताना ही तपासणी करायला अर्धा मिनिट लागतो आणि फार थोडे लोक ती करतात.

दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. खोक्यावर येणारं बरंचसं ओझं चार उभे कोपरे उचलतात. भिंतीचा मधला भाग लवकर बाहेर फुगतो, कोपरा ताठ राहतो. म्हणून थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. वीट रचावी तसे खोके आळीपाळीने आडवे-उभे ठेवले की थप्पी दिसायला मजबूत दिसते, पण वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मध्यावर येतो आणि खोक्याची जवळपास निम्मी ताकद फुकट जाते.

खोकेवाला तुम्हाला जीएसएम आणि बीएफ सांगतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. बीएफ, म्हणजे बर्स्ट फॅक्टर, कागद एका बाजूने रेटला तर त्याच्या वजनाच्या मानाने किती जोराला फाटतो ते सांगतो. दोन्ही आकडे उपयोगाचे, पण थप्पीत खोका किती किलो पेलेल ते या दोन्हींतून थेट कळत नाही. त्यासाठी खोका यंत्रात वरून दाबून बघतात. त्याला दाबचाचणी म्हणू. मोठी ऑर्डर देताना तिचा आकडा मागा.

तो आकडा मिळाला तरी जसाच्या तसा धरायचा नाही. समजा, दाबचाचणीत खोक्याने २०० किलो पेलले. तुमचा भरलेला खोका दहा किलोचा आणि गोदामात आठ खोक्यांची थप्पी. म्हणजे सगळ्यात खालच्यावर ७० किलो. वरवर पाहता काळजीचं कारण नाही. पण महिनाभर सतत ओझ्याखाली राहिलेल्या पुठ्ठ्याची ताकद ६० टक्क्यांच्या आसपास उरते. हवा खूप दमट असेल तर त्यातली जवळपास निम्मी आणखी जाते. २०० चे १२०, १२० चे ६०. थप्पी बसली. म्हणून जाणकार लोक खालच्या खोक्यावर येणाऱ्या ओझ्याच्या तीन ते पाच पट ताकदीचा खोका मागतात.

आपल्या भागातल्या लोकांना दमट हवेचा हा मुद्दा लवकर पटत नाही, कारण इथे तो दिसत नाही. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास, हवा कोरडीठाक, पुठ्ठा कडक. तोच खोका जुलैत भिवंडी-पनवेलच्या गोदामात पावसाचा एक थेंबही अंगावर न पडता नरम होतो. कागद हवेतली ओल ओढून घेतो. जळगावात उन्हाळ्यात पारखून घेतलेला खोका पावसाळ्यात कोकणपट्टीच्या वाटेवर तेवढाच ताठ राहील असं धरून चालता येत नाही.

केळीची पेटी: ओझं कोणी उचलायचं?

खरं तर सगळ्या बांधणीचा पहिला प्रश्न हाच आहे. तेलाचा भरलेला पत्र्याचा डबा स्वतः ओझं पेलतो, त्यामुळे त्याचा खोका साधा चालतो. केळं काहीच पेलू शकत नाही. तिथे सगळं ओझं पेटीनेच उचलायचं.

पूर्वी, आणि देशातल्या बाजारांसाठी आजही बऱ्याच ठिकाणी, घडच्या घड ट्रकमध्ये केळीच्या पानांचा थर देऊन रचले जात. वरच्या घडाचं वजन खालच्यावर. जगभरातही तेच चालायचं. पण १९६०च्या सुमारास रोगामुळे जुनी जात मागे पडून कॅव्हेंडिश गटातली केळी आली. तिची साल जास्त नाजूक असल्याने घड सोडून फण्या पेटीत भरण्याची पद्धत रुळली. आपल्याकडची ग्रँड नैन, जिला शेतकरी जी-नाइन म्हणतात, ती याच गटातली.

निर्यातीची पेटी दोन भागांची असते. खालचा ट्रे आणि त्यावर पूर्ण चढणारं झाकण. दोन्हींच्या भिंती एकावर एक आल्याने पेटीची भिंत दुहेरी होते. फण्या धुऊन, तुरटीच्या पाण्यातून काढून, चीक थांबल्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत थर लावून भरतात. एका फणीचा दांडा दुसरीला टोचू नये म्हणून मध्ये फोमचा कागद. आणि सगळ्यात महत्त्वाचं: फळांचा वरचा थर भिंतीच्या उंचीच्या खालीच राहिला पाहिजे. एक फणी जास्त कोंबली की झाकण फळावर टेकतं, आणि मग वरच्या सगळ्या पेट्यांचं ओझं भिंतीऐवजी केळ्यांवर येतं. हिरव्या केळ्याला बसलेला हा मुका मार त्या दिवशी दिसत नाही. तो दिसतो फळ पिकल्यावर, परदेशातल्या दुकानात. तोवर पॅकहाऊसमधल्या माणसाला आपण काय केलं ते आठवतही नसतं. भाव पाडला म्हणून जे वाद होतात त्यातले काही इथे सुरू झालेले असतात.

शिवाय केळं तोडल्यावरही जिवंत असतं. श्वास घेतं, उष्णता सोडतं. ते साधारण १३ ते १४ अंशांवर ठेवायचं असतं. त्याहून खाली गेलं तर साल काळपट पडते, वर गेलं तर वाटेतच पिकायला लागतं. थंड कंटेनरमध्ये गार हवा जमिनीखालून वर येते, म्हणून पेटीच्या तळाला आणि झाकणाला भोकं. ती वरच्या-खालच्या पेट्यांत एका रेषेत आली तरच हवा थप्पीतून वर चढते. कोपऱ्यावर कोपरा ठेवण्याचं हे आणखी एक कारण. आणि भोकं भिंतीत पाडायची तर कोपऱ्यांपासून दूर, मध्यावर. अशी सरळ थप्पी हलू नये म्हणून चारी कोपऱ्यांना उभ्या पट्ट्या लावून ती बांधतात. खालचा लाकडी पॅलेट, म्हणजे थप्पी ज्यावर रचतात तो पाट, तोसुद्धा आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून शिक्का मारलेला लागतो, कारण लाकडातून कीड परदेशात जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

थरथर: खोका शाबूत, माल खराब

ट्रक चालतो तेव्हा खड्ड्यांचे धक्के आपल्याला जाणवतात, पण तासन्‌तास चालणारी बारीक थरथर जास्त नुकसान करते. माल जरा जरी सैल असला तरी तो सतत घासत राहतो. फळाची साल खरचटते, पापडाच्या कडा झडतात, बरणीचं झाकण हळूहळू सैल होऊन तेल पाझरतं. थप्पीतला सगळ्यात वरचा खोका जास्त नाचतो आणि मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेला माल जास्त हादरतो. पाट्याच्या स्प्रिंगचा ट्रक अर्धा रिकामा असेल तर भरलेल्यापेक्षा जास्त उडतो. ‘आज गाडीत माल कमी आहे, आरामात जाईल’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

यावर उपाय जाडीचा नाही, घट्टपणाचा आहे. खोका बंद करून कानाशी हलवा. आतून आवाज आला तर तो अजून पाठवण्याजोगा झालेला नाही.

‘नाजूक’ लिहिलं की पुरे ना?

लिहा, नुकसान काही नाही. पण मोठ्या केंद्रांत पार्सल पट्ट्यावरून घसरत जातं. पट्ट्याला वाचता येत नाही. रात्री दोन वाजता गाडी रिकामी करणाऱ्या हमालाच्या हातून शेकडो खोके जातात, त्याच्याकडून प्रत्येक चिठ्ठीची अपेक्षा धरणं त्याच्यावरही अन्याय आहे. चिठ्ठी कोणीच वाचणार नाही असं धरून बांधणी करावी.

किराणा दुकानातला जुना खोका चालेल?

गावातल्या गावात, कपड्यांना, चालेल. पण एकदा प्रवास केलेल्या खोक्याचे कोपरे दबलेले असतात, घड्या मोडलेल्या असतात, ओल लागून सुकलेली असते. वरून तो शाबूत दिसतो, ताकद मात्र गेलेली असते. काचेला आणि बिबड्यांना वापरू नका. तो फाडून आतल्या चकत्या आणि पडदे करा, तिथे तो उत्तम. जागा भरायला कडबा किंवा भुसा मात्र नको. तो ओल धरतो आणि कीड आणतो.

हे सगळं परवडायचं कसं?

हा आक्षेप रास्त आहे, पण बऱ्याचदा नीट बांधणी स्वस्तच पडते. कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकारमानाचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून अनेक कंपन्या ५००० ने भागतात. तीन किलो बिबडे ४० × ३० × ३० च्या खोक्यात घातले तर ७.२ किलोचे पैसे लागतात. तेच ३६ × २६ × २० च्या खोक्यात बसवले तर साधारण ३.७ किलोचे. लहान खोक्यात मोकळी जागा उरत नाही, म्हणून चुराही कमी. भाड्यात वाचलेल्या पैशांत फाइव्ह प्लाय खोका, गरज असेल तर, सहज येतो.

घरच्या घरी चाचणी

पार्सल तपासण्याची जगभर वापरली जाणारी एक चाचणी आहे. साधारण दहा किलोच्या आतलं पार्सल ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात: आधी तळाच्या एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. जेवणाचं टेबल साधारण याच उंचीचं असतं. नवीन बांधणी ठरवली की एक भरलेला खोका फरशीवर असाच दहा वेळा टाका. खोका चेपला तर चालेल, त्याचं कामच ते आहे. आतला माल बघा.

आणि तक्रार आली की गिऱ्हाइकाकडून चुऱ्याच्या फोटोबरोबर बंद खोक्याचे फोटोही मागवा, सगळ्या बाजूंचे आणि तळाचाही. एकच कोपरा आत गेला असेल आणि बाकी खोका ताठ असेल तर तो आदळला आहे, आतला थर वाढवा. भिंती फुगून वरच्या झाकणाला खड्डा पडला असेल तर थप्पीत दबला, तिथे खोक्याची दाबचाचणी आणि लाटांची दिशा बघा. बाहेर ओरखडाही नाही आणि आत चुरा, तर आत मोकळी जागा होती. पुठ्ठा लिबलिबीत, तळ बसलेला, टेप सुटलेली, तर ओल किंवा ऊन. टेप सुटली असेल तर आधी खोक्यावरची धूळ फडक्याने पुसून मग चिकटवा, आणि मधल्या फटीबरोबर दोन्ही टोकांच्या फटींवरही मारा. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरता एक पायरी वरचा खोका घ्या आणि आतली पिशवी हवाबंद करा. दिवाळीनंतर पुन्हा साधा खोका चालतो.